फ्लाइंग टर्न्स: रुळांविना धावणाऱ्या लाकडी कोस्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात एलिसबर्ग नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या जवळच झाडीत कनोबल्स नावाचं जुनं, घरगुती वळणाचं अम्युझमेंट पार्क आहे. तिथला ‘फ्लाइंग टर्न्स’ हा आज जगात चालू असलेला एकमेव लाकडी बॉबस्लेड कोस्टर (बॉबस्लेड म्हणजे बर्फाच्या वाटेवरून घसरत धावणारी गाडी). न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाकडची आपली मंडळी उन्हाळ्यात मुलांना घेऊन तिथे जातात आणि आल्यावर साधारण तेच तेच विचारतात. त्यातले बरेचसे प्रश्न इथे एकत्र केलेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

बॉबस्लेड कोस्टर म्हणजे काय? नेहमीच्या रोलर कोस्टरपेक्षा वेगळं काय?

नेहमीच्या कोस्टरची गाडी रुळाला जखडलेली असते. चाकं रुळाच्या वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून धरून ठेवतात, त्यामुळे गाडीला स्वतःचं असं काही मत नसतं. बॉबस्लेड प्रकारात रूळच नाहीत. लाकडी फळ्यांची अर्धगोल पन्हळ असते आणि गाडी तिच्यातून मोकळी धावते. वळणावर पन्हळीच्या भिंतीवर किती वर चढायचं हे गाडीच्या त्या क्षणीच्या वेगावर ठरतं. त्यामुळे लागोपाठच्या दोन फेऱ्या अगदी तंतोतंत सारख्या होत नाहीत.

ही कल्पना कोणाची?

जॉन नॉर्मन बार्टलेट या ब्रिटिश वैमानिकाची. बर्फातल्या बॉबस्लेडच्या वाटांसारखं काहीतरी बर्फाशिवाय, लाकडात करायचं त्याच्या मनात होतं. त्याला साथ मिळाली जॉन मिलर या अमेरिकन कोस्टरकाराची, आणि 1929 साली ओहायो राज्यातल्या डेटन शहरात लेकसाइड पार्कमध्ये पहिला फ्लाइंग टर्न्स उभा राहिला.

मिलरचं नाव इथे मुद्दाम घेतलं. रुळाखालून धरून ठेवणाऱ्या चाकाचं पेटंट याच माणसाचं. आजचा प्रत्येक मोठा कोस्टर त्या चाकामुळे रुळावर टिकतो. गाडीला रुळाशी बांधणाऱ्यानेच पुढे रूळच नसलेली गाडी उभारायला हात लावला, याची मला राहून राहून गंमत वाटते.

मग पुढे असे किती झाले आणि ते गेले कुठे?

फार झाले नाहीत. 1930 मध्ये क्लीव्हलंडच्या युक्लिड बीच पार्कमध्ये एक झाला. 1933 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातला फ्लाइंग टर्न्स नंतर उचलून त्याच शहरातल्या रिव्हरव्ह्यू पार्कमध्ये नेला. न्यूयॉर्कच्या 1939 च्या प्रदर्शनातला बॉबस्लेड पुढे कोनी आयलंडला गेला.

हे कोस्टर लोकांना नकोसे झाले म्हणून गेले, असं समजू नका. ज्या पार्कांत ते होते, ती पार्कंच गेली. शहरं वाढली, जमिनीचे भाव चढले. रिव्हरव्ह्यू 1967 च्या हंगामानंतर बंद पडलं, युक्लिड बीच 1969 मध्ये. कोनी आयलंडचा बॉबस्लेड 1974 ला थांबला. तिथून पुढे 2013 पर्यंत, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं, जगात कुठेही लाकडी पन्हळीतून गाडी धावत नव्हती. त्यातही गंमत अशी की 1972 मध्ये ओहायोच्या किंग्ज आयलंड पार्कमध्ये ‘रेसर’ हा लाकडी कोस्टर आला आणि लाकडी कोस्टरना पुन्हा चांगले दिवस आले. पण त्या लाटेत सगळे रुळांवरचेच कोस्टर बांधले गेले, पन्हळीच्या वाटेला कोणी गेलं नाही.

डिस्नेलँडचा मॅटरहॉर्न बॉबस्लेड आहे की! मग हा ‘एकमेव’ कसा?

मॅटरहॉर्नला बॉबस्लेड फक्त नावापुरतं. 1959 चा तो कोस्टर नळीसारख्या पोलादी रुळांमुळे इतिहासात गेला आणि त्या बाबतीत त्याचं महत्त्व मोठं आहे. पण गाडी रुळावरच असते.

पन्हळीतून खरोखर मोकळी धावणारी स्टीलची बॉबस्लेड मात्र आहेत. 1980 च्या दशकात माक आणि इंटामिन या युरोपियन कंपन्यांनी ती बनवली. जर्मनीच्या युरोपा-पार्कमधला स्विस बॉब त्यातलाच. व्हर्जिनियातल्या किंग्ज डोमिनियनमध्ये 1988 पासून एक आहे, त्याचं आता ‘रेप्टिलियन’ असं बारसं झालंय. ही सगळी मजेशीर आहेत, पण स्टीलची पन्हळ कारखान्यात तयार होते. लाकडाची पन्हळ जागेवर, फळीला फळी लावून, हाताने बसवावी लागते. ‘एकमेव’ म्हणायचं ते या अर्थाने.

हे धाडस कनोबल्सनेच का केलं? मोठ्या कंपन्यांनी का नाही?

कनोबल्स समजून घेतल्याशिवाय याचं उत्तर कळत नाही. हे पार्क 1926 पासून एकाच घराण्याकडे आहे. घराण्याचा मूळ धंदा लाकडाचा, म्हणजे लाकूड आणि सुतार दोन्ही घरचेच. शिवाय दुसऱ्यांनी टाकून दिलेलं आणून नांदवायची त्यांना सवय आहे. सवय म्हणा, खोड म्हणा.

त्यांचा ‘फीनिक्स’ हा लाकडी कोस्टर मूळचा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कचा. तिथे 1947 पासून तो ‘रॉकेट’ नावाने होता. पार्क बंद झालं, कोस्टर बेवारस उभा राहिला. कनोबल्सने तो सुटा करून पेन्सिल्व्हेनियात आणला आणि 1985 मध्ये पुन्हा सुरू केला. राखेतून उठलेल्या पक्ष्याचं नाव त्याला दिलं ते उगाच नाही. 1999 चा त्यांचा ‘ट्विस्टर’ डेन्व्हरच्या जुन्या ‘मिस्टर ट्विस्टर’वर बेतलेला. तो मात्र हलवता येण्याजोगा नव्हता, म्हणून त्याच्या धर्तीवर नवा बांधला. 2011 मध्ये न्यू जर्सीच्या वाइल्डवुड किनाऱ्यावरची, अंधारातून फिरवणारी एक जुनी राइड आणून ‘ब्लॅक डायमंड’ नावाने उभी केली.

अशा घरात फ्लाइंग टर्न्सचा विषय निघणारच होता. फीनिक्सच्या वेळी सुटं करायला कोस्टर तरी उभा होता. फ्लाइंग टर्न्सच्या बाबतीत कुठे काहीच उभं नव्हतं.

भागधारकांना दर तिमाहीत हिशेब देणाऱ्या कंपनीने सात वर्षं न चालणारा कोस्टर आवारात ठेवला असता का? मला नाही वाटत.

सात वर्षं? नेमकं अडलं कुठे?

काम 2006 मध्ये सुरू झालं, 2007 च्या हंगामात उघडायचं ठरलं होतं. उघडला 4 ऑक्टोबर 2013 ला.

लाकूडकामाचा त्यात दोष नव्हता. सांगाडा आणि पन्हळ उभी राहिलेली लोकांना दिसत होती. दरवर्षी येणारे लोक दरवर्षी विचारायचे, “यंदा तरी?” अडलं ते गाडीपाशी, त्यातही चाकांपाशी.

रुळावरच्या गाडीचं चाक एकाच दिशेत फिरतं. पन्हळीत गाडी पुढे जातेच, शिवाय भिंतीवर चढते, खाली घसरते, पुन्हा चढते. म्हणून चाकं कॅस्टर पद्धतीची, स्वतःची दिशा स्वतः शोधणारी असावी लागतात. ती मऊ ठेवली तर भारामुळे दबतात, गरम होतात, झिजतात आणि गाडी मंदावते. कडक केली तर गाडी ठरवल्यापेक्षा जोरात जाते आणि फळ्यांना हादरे बसतात. बरं, चाक बदललं की वेग बदलतो, वेग बदलला की गाडी भिंतीवर वेगळ्या उंचीला जाते आणि ब्रेकचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. एक गाठ सोडवली की दुसरी पडते. शेवटी डबे नव्याने घडवावे लागले, चाचण्या पहिल्यापासून झाल्या आणि मग परवानगी मिळाली.

पण जुने नकाशे आणि फोटो होते ना? त्यावरून करता आलं नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्मही इथेच आहे.

पन्हळीचा आकार कागदावरून कळतो. वळणाची त्रिज्या, भिंतीची उंची, फळ्यांची मांडणी, हे सगळं जुन्या फोटोंवरूनही काढता येतं. पण 1930 च्या दशकातल्या त्या गाड्या रोज चालवणाऱ्या माणसांना जे ठाऊक होतं ते कोणी लिहून ठेवलं नाही. थंड सकाळी गाडी कशी वागते, दुपारी फळ्या तापल्यावर कशी, कुठल्या वळणाच्या आधी ब्रेक किती दाबायचा, चाक किती झिजलं की काढून टाकायचं. कोनी आयलंडचा बॉबस्लेड बंद झाला त्यानंतर या कामाला नवा शिकाऊ मिळाला नाही, आणि जे जाणते होते ते एकेक करून गेले. कनोबल्सला कोस्टर बांधायला साधारण एक-दोन वर्षं पुरली असती. उरलेली वर्षं हे हरवलेलं शहाणपण नव्याने कमवण्यात गेली.

त्यात काळही बदललेला. त्या काळी चालून गेलेल्या कितीतरी गोष्टी आजच्या सुरक्षा नियमांत बसत नाहीत. म्हणजे जुनी गाडी सापडून जशीच्या तशी ठेवली असती, तरी तिला परवाना मिळाला नसता असं मला वाटतं.

मग हा खरा फ्लाइंग टर्न्स म्हणायचा की नक्कल?

मूळ तत्त्व तेच, रचना जुन्या धर्तीची, साहित्यही लाकडाचंच. डबे, चाकं आणि नियंत्रण आजचं. फीनिक्ससारखं हे जुन्याचं स्थलांतर नाही, एवढं स्पष्ट आहे. ज्यांना जुनी फळी आणि जुना खिळाच हवा, त्यांनी याच राज्यात अल्टूनाला लेकमाँट पार्कमधला 1902 चा ‘लीप-द-डिप्स’ पाहावा. तो 1985 ला बंद पडला होता, डागडुजी करून 1999 मध्ये पुन्हा सुरू झाला. पण फ्लाइंग टर्न्सला ‘नक्कल’ म्हणणं मला पटत नाही. ज्याची अस्सल प्रत जगात उरलेलीच नाही, त्याची नक्कल कशाची करणार?

गाडी पन्हळीतून बाहेर कशी पडत नाही?

जत्रेतला मौत का कुआँ पाहिला असेल तर अर्धं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. तिथेही उभ्या फळ्यांची भिंत असते, रूळ नसतो आणि मोटरसायकल वेगाच्या जोरावर भिंतीला चिकटून राहते. फरक एवढाच की तिथे हँडल माणसाच्या हातात असतं. इथे कोणाच्याच हातात काही नसतं.

आकडेच हवे असतील तर थोडं गणित. वळणावर गाडी भिंतीवर ज्या कोनात स्थिरावते त्याचा टॅन्जंट म्हणजे वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागून येणारी संख्या. या कोस्टरचा सर्वाधिक वेग ताशी 24 मैल, म्हणजे साधारण 38 किलोमीटर. सेकंदाला पावणेअकरा मीटर म्हणा. वळणाची त्रिज्या 7 मीटर आहे असं उदाहरणापुरतं धरलं, तर कोन येतो साठ अंशांच्या आसपास. म्हणजे गाडी जवळजवळ आडवी. पन्हळीची भिंत त्याच्याही वरपर्यंत नेलेली असते, आणि गाडी ठरलेल्या वेगाच्या पुढे जाणार नाही हे ब्रेक बघतात. वेग वर्गाने मोजला जातो हे ध्यानात घ्या. तो थोडासा वाढला तरी कोन चांगलाच वाढतो, म्हणूनच वर सांगितलेल्या चाकांच्या भानगडीला सात वर्षं लागली.

बसण्याआधी वजन का करतात? जरा अवघडल्यासारखं होतं.

होतं खरं, विशेषतः मागे रांगेत ओळखीचे लोक असले की. पण ते टाळता येत नाही. गाडीला तीन डबे, प्रत्येक डब्यात दोघे, एकामागे एक. म्हणजे एका फेरीत सहा जण. एका डब्यातल्या दोघांचं मिळून वजन 400 पौंडांच्या, म्हणजे साधारण 181 किलोंच्या आत लागतं.

शाळेतलं भौतिकशास्त्र म्हणेल की वरच्या सूत्रात वस्तुमान येतच नाही, मग वजनाचा काय संबंध? संबंध घर्षणातून आणि हवेच्या रोधातून येतो. भरलेली गाडी रिकामीपेक्षा वेग जास्त टिकवते, चाकांवरचा भार वाढतो, तसं चाकाचं दबणंही बदलतं. रुळावरच्या कोस्टरला हा फरक पचतो, पन्हळीतल्या गाडीला नाही. जाडजूड माणसाने हलक्या जोडीदाराबरोबर बसावं. जास्त वजनाची व्यक्ती मागे बसते, त्यामुळे बाबा मागे आणि लेक पुढे अशी जोडी सहज जमते.

ताशी 38 किलोमीटर? एवढ्याने थरार काय वाटणार?

आकडे बघून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. उंची 50 फूट, लांबी सुमारे 1300 फूट, आणि वेग आपल्या गावातल्या स्कूटरचा. मोठमोठ्या उतारांची सवय असेल तर पहिल्या मिनिटात “हे काय?” असंही वाटेल.

पन्नास फुटांवरून गाडी सलग खाली सोडली असती तर, घर्षण बाजूला ठेवून, वेग ताशी साठच्या वर गेला असता. इथे तसं करत नाहीत. चढ एक नाही, तीन आहेत. चढायचं, वळणांत उधळायचं, पुन्हा चढायचं. मजा उतारात नाहीच मुळी. वळणाआधी गाडी क्षणभर पन्हळीच्या तळाशी डुलते, मग एकदम भिंतीवर सरकते, आणि ती किती वर जाणार हे तुमच्या पाठीला आधीपासून कळत नाही. रुळावरच्या कोस्टरमध्ये शरीर दोन वळणांत अंदाज बांधतं. इथे तो अंदाज चुकत राहतो. आवाजही ऐकण्यासारखा आहे: खडखडाट नाही, तर फळ्यांवरून चाकं घरंगळताना येणारी एक पोकळ घरघर.

माझं मत विचाराल तर धडकी भरवण्यात फीनिक्स वरचढ आहे. फ्लाइंग टर्न्समध्ये घाबरण्यापेक्षा हसू जास्त येतं.

रांग इतकी का लागते?

एका फेरीत सहाच माणसं, शिवाय वजन करून जोड्या लावायच्या. पार्क उघडल्या उघडल्या आधी इकडे या, बाकीचं नंतर.

पाऊस आला तर?

ओल्या लाकडावर चाकांची पकड बदलते, आणि पकड बदलली की सगळा हिशेब बदलतो. आभाळ भरून आलेलं दिसलं तर दुपारवर सोडू नका.

सुरक्षिततेची तपासणी कोण करतं?

पेन्सिल्व्हेनियात अम्युझमेंट राइड्सची नोंदणी आणि तपासणी राज्याच्या कृषी खात्याकडे आहे. हो, शेतीच्याच खात्याकडे. ऐकून सगळेच दचकतात. पाळणे, कोस्टर, जत्रेतली फिरती चक्रं, सगळं त्यांच्या अखत्यारीत येतं. फ्लाइंग टर्न्सलाही लोकांना बसवण्यापूर्वी त्यांची मान्यता घ्यावी लागली. लाकडी कोस्टरचा नेम असा की गाडी सुटायच्या आधी रोज माणसं पूर्ण वाट डोळ्यांखालून घालतात. कुठे फळी सैल, कुठे खिळा वर आलेला, कुठे लाकूड फुगलेलं, हे यंत्राआधी जाणत्या सुताराला दिसतं.

लहान मुलांना बसता येतं का?

उंची किमान 42 इंच लागते. आपली पाच-सहा वर्षांची मुलं बहुतेक बसतात. घाबरट असेल तर आधी खाली उभं राहून दोन गाड्या जाताना पाहू द्या.

कसं जायचं? खर्च किती?

फिलाडेल्फियाहून गाडीने साधारण अडीच तास. सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर राहू नका, हा भाग तसा आडबाजूचा आहे. पार्कमध्ये शिरायला पैसे नाहीत, पार्किंगलाही नाहीत. ज्या राइडमध्ये बसायचं तिची तिकिटं घ्यायची. त्यामुळे आजी-आजोबांना नुसतं झाडाखाली बसायचं असेल तर त्यांचा खर्च शून्य. आपल्या लोकांना हे फार आवडतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात पार्क रोज असतं. वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत मुख्यतः शनिवार-रविवार. निघण्याआधी पार्कचं वेळापत्रक बघाच.

शाकाहाऱ्यांनी पिएरोगी मागावेत, बटाट्याचं सारण भरलेले. हा सगळा कोळशाच्या खाणींचा पट्टा, पूर्व युरोपातून खाणकामाला आलेल्या लोकांनी हा पदार्थ इथे आणला.

तिथे गेल्यावर आणखी काय चुकवू नये?

1913 चं ग्रँड कॅरुसेल. लाकडी घोड्यावर बसून बाजूला हात काढायचा आणि फिरता फिरता कडी ओढून घ्यायची. पितळी कडी हाती लागली तर एक फेरी फुकट. ही पद्धत आता अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी उरली आहे. कोळशाच्या खाणकामाचं छोटं संग्रहालयही आहे. येता-जाता वेळ असेल तर सेंट्रेलिया जवळच आहे. तिथे जमिनीखालचा कोळसा 1962 पासून जळतोय आणि गाव जवळपास ओस पडलंय.

आपल्याकडे, महाराष्ट्रात असं काही होऊ शकेल का?

योगायोग असा की खोपोलीचं इमॅजिका सुरू झालं तेही 2013 मध्येच. तिथला ‘नायट्रो’ कोस्टर छान आहे, पण संपूर्ण स्टीलचा, परदेशी कंपनीने बनवून पाठवलेला. लाकडी पन्हळीचं म्हणाल तर पहिली अडचण पावसाची. घाटाखालच्या चार महिन्यांच्या पावसात उघड्यावरच्या फळ्या फुगणार, बुरशी धरणार, आणि दर दसऱ्याला निम्मी पन्हळ नव्याने बसवावी लागणार. दुसरी अडचण पैशांची: फेरीला सहाच माणसं म्हटल्यावर तिकीट परवडणारं कसं ठेवणार? सुतारांची वानवा मात्र नाही. कोकणात होड्या बांधणारे कारागीर अजून आहेत, आणि फळी वाकवून गोलाईत बसवण्याचं काम त्यांना कोणी शिकवायला नको.